फौजेत असताना कॉम्प्युटरचं शिक्षण: तुम्ही कसं जमवलंत?

माझं गाव साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीपासून जवळच. आमच्याकडे फौजी नसलेलं घर शोधावं लागतं. गेल्या महिन्यात भाचा सुट्टीवर आला आणि म्हणाला, "मामा, नोकरी करता करता आयटीचं शिकायचं तर सुरुवात कुठून करू?" मी एकट्याने सांगितलं तर अर्धंच सांगून होईल. म्हणून सगळ्यांनी लिहा. पहिला मी.

मी सिग्नल्सचा, म्हणजे सैन्याची संदेश यंत्रणा सांभाळणाऱ्या दलाचा. गोव्याच्या ट्रेनिंग सेंटरमधून २००४ साली बाहेर पडलो, १७ वर्षं नोकरी केली. पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठिकाणी असताना सीओ साहेबांची (युनिटच्या प्रमुखांची) परवानगी घेऊन इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या बीसीएला (कॉम्प्युटरच्या पदवीला) नाव घातलं. पुस्तकं घरपोच, परीक्षा जून आणि डिसेंबरला. वाटलं तीन वर्षांत उरकेल. घोडं अडलं ते प्रॅक्टिकलला. लॅबची ७० टक्के हजेरी लागते आणि माझी बदली झाली फील्डला, सीमेकडच्या भागात! दोन वर्षं तशीच गेली. मग दर सुट्टी लॅबच्या तारखा बघून मागू लागलो. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नव्हतो, कारण सुट्टी लॅबला दिली होती. ते अजून सलतं. डिग्री पदरात पडली सहाव्या वर्षी, आणि इग्नूची मुदतही सहाच वर्षांची.

नेटवर्किंग मात्र खरं शिकलो वहीवर. रात्रपाळी संपली की बॅरेकमध्ये पलंगावर बसून सबनेटिंग करायचो, म्हणजे एका नेटवर्कचे पत्ते छोट्या गटांत वाटायची गणितं. २५५.२५५.२५५.१९२ म्हणजे ६४-६४ पत्त्यांचे चार गट, प्रत्येकात वापरायला ६२. हे आकडे इतके घोकले की झोपेत विचारलं तरी सांगेन. त्याला ना नेट लागतं ना लॅपटॉप. पुढे सीसीएनएच्या (सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या) परीक्षेत हेच कामाला आलं.

भाच्याला माझं पहिलं सांगणं हेच: बदली झाली तरी ट्रंकेत घालून नेता येईल असा अभ्यास आधी धर. आणि डिग्री मिळाली की ऑफिसच्या मागे लागून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोंद करणारा आदेश, काढून घे. डिस्चार्ज बुकात नोंद नसली की बाहेर पडल्यावर प्रत्येक खिडकीवर समजावत बसावं लागतं.

हवाई दलातून निवृत्त, पुणे

माझं बेसिक ट्रेनिंग बेळगावजवळ सांबऱ्याला, ट्रेड ट्रेनिंग बंगळुरूच्या जालहळ्ळीला. आमची पहिली मुदतच २० वर्षांची, त्यामुळे बीसीए आणि एमसीए दोन्ही निवांत झाली. आमच्या स्टेशनांवर संध्याकाळ बऱ्यापैकी हातात असते, हे मान्यच करायला हवं.

अडलो ते बायोडेटाला. 'सेक्शन इनचार्ज, रडार' असं लिहून ३० ठिकाणी पाठवला, एकाचंही उत्तर नाही. शेवटी आयटीत काम करणाऱ्या मेहुणीने समोर बसवलं आणि विचारलं, "भाऊजी, तुम्ही दिवसभर नेमकं करायचात काय?" मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. २४ तास चालणारी यंत्रणा बंद पडू न देणं, बिघाडाची नोंद ठेवणं, १२ जणांच्या पाळ्या लावणं, सुट्या भागांचा हिशेब. त्या कागदावर पंधरा दिवसांत दोन मुलाखती आल्या. एक पथ्य मात्र पाळा: युनिटचं ठिकाण, यंत्रांची नावं, नेटवर्कची रचना यातलं एक अक्षरही बायोडेटात किंवा मुलाखतीत नको. समोरचा कितीही गोड बोलून विचारू दे.

नौदल, सध्या नोकरीत

जहाज कधी सुटणार हे आपल्या हातात नसतं. माझे दोन पेपर समुद्रातच बुडाले. आता डिग्री बाजूला ठेवली आहे. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात लिनक्स ही विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम शिकतोय, पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेची सगळी माहितीपुस्तिका आधीच उतरवून घेतली आहे. दोन्हीला नेट नको. बंदराला लागलो की स्वतः तारीख निवडून देता येतील अशाच परीक्षा देतो. लॅपटॉप कुठे वापरायचा आणि कुठे नाही, हे मात्र आधी विचारून घ्यावं.

सैनिकाची पत्नी, सांगली जिल्हा

आमचे पैसे गेले ते लिहिते. मिस्टर सीमेवर होते. एका संस्थेचा माणूस म्हणाला, एका वर्षात आयटीची डिग्री, फौजींना फी कमी. मी ४० हजार भरले. मार्कशीटही आली, छापील आणि चकचकीत. निवृत्तीनंतरच्या अर्जाच्या वेळी कळलं, त्या विद्यापीठाला मान्यताच नव्हती. मिस्टर मला एका शब्दानेही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. बायांनो, फी भरण्याआधी यूजीसीच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाला दूरशिक्षणाची परवानगी आहे का, तेही त्याच वर्षासाठी आणि त्याच कोर्ससाठी, हे बघा. आणि निवृत्तीआधी डीजीआरचे (सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी कार्यालय) कोर्स मिळतात, तेही विचारा. आम्हाला वेळेत कुणी सांगितलं नाही.

अग्निवीर, पहिली तुकडी

वरच्या सगळ्यांकडे १५-२० वर्षं होती, माझ्याकडे चार. आमच्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार. वर्षाला सुट्टी ३० दिवस. इग्नूची अग्निवीरांसाठीची डिग्री घेतली आहे. तिचे निम्मे क्रेडिट आमच्या ट्रेनिंगचे धरतात, म्हणून ती झेपते. पण ती काही कॉम्प्युटरची डिग्री नाही. म्हणून जोडीला नाइलिट या सरकारी संस्थेचं ओ लेव्हल, म्हणजे कॉम्प्युटरचा पायाभूत कोर्स, धरलं. चार पेपर आणि एक प्रोजेक्ट, परीक्षा जानेवारी आणि जुलैला. आमचे उस्ताद (ट्रेनिंग देणारे) आधी म्हणाले, "पहले दौड़ पूरी कर." दौड झाली, फायरिंगही चांगलं झालं, तेव्हा त्यांनीच अर्जावर शिफारस लिहिली.

आयटी टूल्स आणि वेब डिझाइन निघाले. पायथॉनचा पेपर भरलाय. गावी असलो की मित्राच्या सायबर कॅफेत सकाळी सात ते नऊ मशीन मिळतं, तो पैसे घेत नाही. इथे संध्याकाळच्या रोल कॉलनंतर (हजेरीनंतर) वहीवर प्रोग्राम लिहितो आणि सुट्टीत जाऊन चालवून बघतो. मागच्या खेपेला २२ लिहून नेले होते, १४ पहिल्या झटक्यात चालले.