पाणीटंचाईत हॉटेलात स्टीलच्या थाळ्या की वापरून फेकायच्या प्लेटा?

बसथांबा हॉटेल, राळेगाव तालुका
सकाळी तर्री-पोहे, दुपारी जेवण, बाजाराच्या दिवशी पाटवडी-रस्सा. थाळ्या स्टीलच्या. पण एप्रिल लागला की बोअर आटतो, टँकर विकत घ्यावा लागतो. लग्नसराईत भांडी घासायला माणूस मिळत नाही. व्यापारी चांदीसारख्या चकाकणाऱ्या कागदी प्लेटा देतो म्हणतो, घरचेही घे म्हणतात. माझं मन होत नाही. हॉटेलामागे गुरं येतात अन् शितं लागलेल्या प्लेटा आख्ख्या गिळतात. कमी पाण्यात कोणी स्टील निभावलं आहे का?

किराणावाला, वणी
भाऊ, चकाकतो तो कागद नव्हे, वरचा प्लास्टिकचा थर. राज्यात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमचे देशभर बंद. राज्याच्या नियमात पहिला दंडच ५,००० रुपये. व्यापारी माल टाकून निघून जाईल, पावती तुमच्या नावानं फाटेल.

खानावळवाल्या काकू, आर्णी
बाबू, स्टील सोडू नको. पाणी थाळीला लागत नाही, तेलकटाला लागते. तर्रीचं तेल थाळीवर असताना पाणी ओतलं की ते पसरते, मग बादल्या रिकाम्या होतात. आमच्याकडे उष्टं आधी टोपल्यात निपटतात, मग चुलीची चाळलेली कोरडी राख टाकून नारळाच्या शेंडीनं थाळी पुसून काढतात. हात फिरवला की बोट घसरलं नाही पाहिजे, एवढी कोरडी. त्यानंतर तीन घमेली: पहिल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात कढत. तिसऱ्याचं पाणी जरा गढूळलं की दुसऱ्यात, दुसऱ्याचं पहिल्यात. नळाखाली एकेक थाळी धरणं पूर्ण बंद. शेवटी थाळ्या उन्हात उभ्या लावायच्या, आपल्या उन्हात फडकं लागतच नाही.

अन् चहा कागदी कपात देऊ नको, काचेचे ग्लास ठेव. खरगपूरच्या आयआयटीनं २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात १०० मिली गरम पेय १५ मिनिटं राहिलं तर प्लास्टिकचे सुमारे २५,००० बारीक कण त्यात उतरतात. गावातले म्हातारे दिवसभर चहाच पितात, मला त्यांचीच काळजी वाटते.

झाडीपट्टीवाला, गोंदिया जिल्हा
बाजाराच्या दिवशी पळसाच्या पत्रावळी घ्या. आमच्याकडे बाया उन्हाळ्यात पानं तोडून काड्यांनी टाचतात, त्यांच्याही हाताला काम मिळते. वाळलेली पत्रावळ वाढण्याआधी पाण्याचा हबका मारून थोडी नरम होऊ द्या, नाही तर तडकते. वापरलेली उकिरड्यात टाकली की खत होते. फक्त पत्रावळ घेताना पाठीमागून पाहा, आजकाल पानाखाली प्लास्टिक चिकटवलेल्याही येतात.

बसथांबा हॉटेल, राळेगाव तालुका
काकू, पत्रावळीवर रस्सा टिकेल का? पाटवडीवाल्याला रस्सा दोनदा तरी लागतो.

खानावळवाल्या काकू, आर्णी
नाही टिकणार, काड्यांच्या भोकातून मांडीवर येईल. पत्रावळीवर भात, पोळी, पाटवडी वाढ, रस्सा स्टीलच्या खोल वाटीत दे. गर्दीच्या दिवशी मग वाट्याच तेवढ्या घासायच्या राहतात. वाट्या जाड बुडाच्या घे, पातळ वाटी तर्रीनं इतकी तापते की गिऱ्हाईक हातात धरत नाही. अन् राख बाभळीची मिळाली तर पाहा, कोळशाची नको, थाळीवर ओरखडे पडतात.