रुग्णालयातली बाग मुलांसाठी की फोटोसाठी?

चिंचोका:
काल एक पोस्ट वाचली, 'मुलांच्या रुग्णालयाला बागबिग कशाला? तेवढ्या जागेत आणखी खाटा मावतील.' डोक्यात तिडीकच गेली. १९८४ साली रॉजर उलरिक या संशोधकाने दाखवून दिलंय, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. माझी लेक ७ वर्षांची असताना २१ दिवस अ‍ॅडमिट होती. बाराव्या दिवशी तिला खाली नेलं, तर ती उकिडवी बसून अर्धा तास मुंग्यांची रांग बघत राहिली. हातातली सुई विसरली पोरगी.

निर्जंतुक:
उलरिकचे रुग्ण ४६, सगळे मोठे, आणि फरक एका दिवसाचाही नाही. मी १४ वर्षं मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या पोराच्या फुप्फुसात मातीतली अ‍ॅस्परजिलस बुरशी गेली तर जिवावर बेततं. मुंग्या कसल्या बघताय!

ढब्बू पैसा:
म्हणून हाड मोडलेल्यानेही खाटेवरच कुजायचं? सगळी मुलं तुमच्या वॉर्डात नसतात, ताई.

तिरकमठा:
बाग असते हो, किल्ली नसते. आमचा मुलगा सलाईनचा स्टँड ढकलत दारापर्यंत गेला, तर कुलूप. किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन जेवायला. संध्याकाळी एकदाचं उघडलं, तर पहिल्याच दोन फरश्यांच्या फटीत स्टँडचं चाक रुतलं. ओबडधोबड दगड, म्हणे 'नैसर्गिक'. बसवणाऱ्याने एकदा तरी स्टँड ढकलून बघायचा होता.

निर्जंतुक:
कुलूप आम्हीच लावायला सांगतो. ३० मुलांमागे आम्ही दोघी. बागेत लक्ष ठेवायला कोण बसणार, तुम्ही?

तिरकमठा:
वा! मग उद्घाटनाची फीत कशाला कापली?

आराखडा:
मी अशा बागा आखतो. बाग वॉर्डाच्या मजल्यावरच, नर्सच्या टेबलावरून दिसेल अशी काढली की कुलूप लागतच नाही. आणि आधी सावली. रबरी फरशी उन्हात इतकी तापते की अनवाणी पाय पोळतात. मेथोट्रेक्सेट या कॅन्सरवरच्या औषधावर असलेल्या मुलांची तर कातडीच उन्हाला हळवी.

निर्जंतुक:
नकाशात सगळंच सुटतं हो.

चिंचोका:
बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयाला लेखिका ऑलिव्ह हिगिन्स प्राउटी यांनी आपल्या गेलेल्या दोन मुलींच्या आठवणीत बाग करून दिली होती, १९५६ साली. पालकांनी विरोध करूनही नव्या इमारतीसाठी ती उखडली. तिथे कुठे बुरशी आडवी आली?

निर्जंतुक:
बुरशी नाही, खाटाच आल्या. बरं, एक कबूल करते. मुलांपेक्षा आयाच बागेत जास्त जातात, रडायला. मुलासमोर रडता येत नाही ना. म्हणून आमच्याकडे किल्ली वॉर्डातच असते. मागितली की देतो.

तिरकमठा:
तुमच्याकडे असेल. आमचा वॉचमन अजून जेवतोय.