शब्दचर्चा : कोळशाच्या ग्रिलची ‘व्हेंट’ म्हणजे झडप, झरोका की चकती?

(बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या गावांवरून.)

दापोली : कोळशाच्या ग्रिलच्या माहितीपत्रकाचं मराठी करायचं आहे. मूळ शब्द ‘टेंपरेचर कंट्रोल व्हेंट’, म्हणजे हवा-धुरासाठीचं उघडबंद करता येणारं भोक. कच्च्या मसुद्यात ‘तापमान नियंत्रण झडप’ असं घातलंय. एक झाकणावर, एक बुडाशी, दोन्हींना हेच नाव. झरोका, गवाक्ष, धुराडं हेही सुचवले गेलेत. काय ठेवावं?

रत्नागिरी : दोन्हींना एक नाव नको, आणि ‘तापमान नियंत्रण’ तर मुळीच नको. भोकावरची सरकती पट्टी फक्त हवा अडवते. तापमान हा त्याचा परिणाम, तोही उशिराचा. ‘नियंत्रण’ वाचलं की माणूस ती गॅसच्या बटणासारखी फिरवतो. खालची हवा अर्धी केली तरी फुललेले निखारे धगत राहतात, तापमापकाचा काटा उतरायला १०-१५ मिनिटं लागतात. तेवढ्यात धीर सुटतो, आणखी बंद केलं जातं, विस्तव निवतो, मग घाईने सगळं सताड उघडतात. १२० अंश हवे असतील तर १०५च्या आसपासच खालून आवळायला लागायचं. चढलेली धग उतरवणं जड, वाढवणं सोपं.

खालच्या भोकाला ‘हवेची झडप’, वरच्याला ‘धुराचं तोंड’ म्हणा. आच कमीजास्त करायची ती खालून. वरचं निदान अर्धं तरी उघडं हवंच. वर बंद आणि खाली उघडं ठेवलं की धूर आत कोंडतो आणि मासळीवर कडू काळा थर बसतो. ‘धुराची झडप’ म्हटलंत तर लोक धूर दिसला की तीच लावतील.

मालवण : झडप शब्दच पटत नाही. हृदयाची झडप, पंपाच्या फूटव्हॉल्व्हची झडप दाबाने आपोआप उघडते-मिटते. इथे बोटाने सरकवायची चकती आहे. चकतीच म्हणा.

रत्नागिरी : खिडकीची झडपं आपण हातानंच लावतो की! नपुंसकलिंगी झडप फळीचं, स्त्रीलिंगी झडप व्हॉल्व्हची. माहितीपत्रकात कुठलंही एक लिंग धरा आणि शेवटपर्यंत पाळा, एवढंच.

अलिबाग : ग्रिल पिंपाचं केलेलं असेल तर चकती झाकणावर ठीक, पिंपाच्या अंगाला नाही. २०० लिटरच्या पिंपाचा व्यास साधारण ५७ सेंमी. त्या गोलाईवर ४५ मिमी रुंदीची सपाट पट्टी बसवली तर कडेला जवळपास १ मिमी फट राहते, म्हणजे ‘बंद’ केलं तरी हवा जातेच. म्हणून अंगाला पाऊण इंची काळ्या लोखंडी पाइपाचे चार तुकडे बसवतात : भोक २७ मिमी, आत-बाहेर चेकनट (पाइप जागी आवळणारे नट), तिघांना टोपण, चौथ्याला बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे फिरवायचा कॉक. ढोबळ फरक टोपणांनी करायचा, बारीक फरक व्हॉल्व्हने. इथे शब्दच तीन झाले : नळी, टोपण, कॉक.

भोकं बुडापासून ५० मिमी वर घ्या, नाहीतर राख साचून तोंडं बुजतात आणि दोष व्हॉल्व्हला दिला जातो. व्हॉल्व्हच्या आतली टेफ्लॉनची बैठक २६० अंशांपर्यंतच टिकते, म्हणून नळी १५० मिमी तरी बाहेर काढावी. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप निखाऱ्यांजवळ नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणखी तापलं की त्याचा धूर अंगाला बाधतो.

झाकणावर ५० मिमीचं एक भोक पुरतं. हिशेब असा : चार नळ्यांचं आतलं क्षेत्रफळ मिळून साधारण १४ चौसेंमी. तीच हवा ३० अंशांवरून १२० वर गेली की १.३ पट फुगते, म्हणजे बाहेर पडायला १८ चौसेंमी हवेत. ५० मिमीच्या भोकाचे १९.६ होतात. चकतीला एम-६ बोल्ट, स्प्रिंग वॉशर आणि एकमेकांवर आवळलेले दोन नट. नायलॉक नट घालू नका, त्यातलं नायलॉन मऊ पडतं, चकती सैल होते आणि आपोआप घसरते.

वेंगुर्ले : वाऱ्याचं कोणी बोललंच नाही. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात. उघडी नळी पश्चिमेला असेल तर वारा थेट आत घुसतो, आणि टोपणं दिवसा जमवली तशीच ठेवूनही काटा चढत जातो. रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटले की तोंड उलटं पडतं. वाऱ्याच्या आडोशाची नळी उघडी ठेवावी, दिवस मावळल्यावर पुन्हा बघावं. ‘झडप पाव उघडा’ हे वाक्य किनाऱ्यावर म्हणूनच अपुरं आहे. ‘वाऱ्याकडची बंद, आडोशाची पाव’ असं लिहा. मालवणीत तर नुसतं वारो म्हटलं तरी कळेल!

शिवाय कोळसा पावसाळी दमट असेल तर तो तडतडतो आणि नुसता धुमसतो. तेव्हा झडपेशी खेळून उपयोग नाही. करवंटीचा कोळसा घट्ट असतो, पेट धरायला वेळ घेतो, म्हणून तो पुरता पेटेपर्यंत सगळं उघडं ठेवा.

मालवण : बांगड्याला यातलं काहीच लागत नाही. झाकण काढून ठेवा, खालून सगळं उघडा, भरपूर धग द्या. झडपेची गरज झाकण घालून तासन्‌तास शिजवायच्या जिनसांना.

दापोली : आणि झरोका, गवाक्ष?

रत्नागिरी : गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा, शोभेला ठेवा. झरोक्यातून उजेडही येतो, इथे तो नको आहे. ‘वातायन’ मात्र व्युत्पत्तीने गंमतशीर. ‘व्हेंट’मागचा लॅटिन ‘व्हेंटुस’ आणि आपला ‘वात’ एकाच मुळाचे, दोन्हींचा अर्थ वारा. पण बाजारात वातायन मागितलंत तर दुकानदार खिडकीवाल्याकडे धाडेल. ‘तापमान नियंत्रक’ हा शब्द राखून ठेवायचाच तर सेन्सरवर चालणाऱ्या छोट्या पंख्यासाठी ठेवा. तो खरोखर जाळीवरचं तापमान मोजून हवा कमीजास्त करतो.

दापोली : मग मसुदा असा : ‘धुराचं तोंड उघडं ठेवा. आच हवेच्या झडपेने कमीजास्त करा, प्रत्येक बदलानंतर १५ मिनिटं थांबा. काम झाल्यावर दोन्ही बंद करून विस्तव विझवा.’

अलिबाग : ‘विझवा’ नको, ‘विझू द्या’. आणि पुढे एक वाक्य जोडा : ‘पिंप हाताला गार लागेपर्यंत झाकण उचलू नका.’ आत कोंडलेल्या निखाऱ्यांना एकदम हवा मिळाली तर भडका उठतो.