लुमा की गेलं, आता एक्स्ट्रॅक्ट?

पांढऱ्या कागदावरच्या शाईच्या अक्षरांचा स्कॅन आहे, त्यातलं पांढरं काढून फक्त अक्षरं कशी ठेवायची, असा प्रश्न आलाय. आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ-इफेक्टच्या सॉफ्टवेअरमधल्या 'लुमा की'च्या (उजेडावरून चित्राचा भाग पारदर्शक करणारा इफेक्ट) जागी त्याच कामाचा 'एक्स्ट्रॅक्ट' वापरा, असं एकाने सुचवलंय ते बरोबरच आहे. त्यातला व्हाइट पॉइंट (याहून उजळ ते पारदर्शक होतं) खाली आणायचा, व्हाइट सॉफ्टनेस (त्या सीमेचा मऊपणा) थोडा वाढवायचा, की पांढरं जातं. (जुनं लुमा की गायब झालेलं नाही, 'ऑब्सोलीट' म्हणजे कालबाह्य इफेक्टांच्या विभागात पडून आहे. त्यामुळे जुने प्रोजेक्ट बिघडत नाहीत.) पण मूळ प्रश्न पांढऱ्या कागदावरच्या शाईच्या अक्षरांचा आहे, आणि तिथे मला तरी असलं कुठलंच 'की' लावावंसं वाटत नाही. कडा कुरतडल्यासारख्या दिसतात, बोरूचा फिकट फटकारा आधी जातो.

त्याऐवजी स्कॅनचा लेयर ट्रॅक मॅट (दुसऱ्या लेयरचा कुठला भाग दिसेल ते ठरवणारा लेयर) म्हणून घ्या, प्रकार 'लुमा इन्व्हर्टेड', आणि मॅट लावा एका साध्या सॉलिडवर (एकरंगी लेयर). शाई जितकी गडद तितकं सॉलिड दिसतं, मधले करडे अर्धपारदर्शक राहतात, आणि अक्षरांचा रंग हवा तेव्हा बदलता येतो. कागद जरा मळकट असेल तर स्कॅनवर लेव्हल्स (काळं-पांढरं कमीजास्त करणारा इफेक्ट) लावून तो पुरता पांढरा करून घ्या, नाहीतर सगळीकडे पुसट थर दिसेल. लेव्हल्स लावलेला लेयर आधी प्रीकम्पोज केलात (वेगळ्या कम्पोझिशनमध्ये टाकलात) तर पुढे गोंधळ कमी. आफ्टर इफेक्ट्सच्या २३.० आवृत्तीपासून मॅट कुठल्याही लेयरचा निवडता येतो, तो नेमका वरच असायला हवा ही कटकट संपली.

उलट प्रकार, म्हणजे काळ्यावरचा धूर किंवा ठिणग्या असतील तर एवढंही नको. लेयरचा ब्लेंडिंग मोड (तो खालच्या चित्रात कसा मिसळतो ते) 'स्क्रीन' करा. काळ्याची किंमत शून्य, त्यामुळे खालच्या चित्रावर त्याचा काही परिणामच होत नाही.