मदत हवी आहे : हेल्मेटच्या ई-चलानामुळे लायसन्स निलंबित होते का?

नमस्कार. साताऱ्यात पोवई नाक्यावर विनाहेल्मेट दुचाकी चालवल्याबद्दल माझ्या धाकट्या भावाला ई-चलान आले असून, छायाचित्रात हेल्मेट आरशाला अडकवलेले स्पष्ट दिसते. चूक आम्हाला पूर्ण मान्य आहे. दंड त्याच दिवशी ऑनलाइन भरला. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ डी मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनुसार, एक हजार रुपये दंडाबरोबरच तीन महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवण्याची तरतूद असल्याचे वाचल्यापासून घरात काळजी आहे, कारण तो लवकरच अवजड वाहनाच्या लायसन्ससाठी अर्ज करणार आहे आणि पुढची नोकरी त्यावरच अवलंबून आहे. दंड भरल्यावर ही अपात्रता आपोआप लागू होते, की आधी आरटीओची नोटीस येऊन बाजू मांडता येते? ‘सारथी’ या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर तशी नोंद दिसते का? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.