डबे रिकामे कसे परत करू?

लिफ्टवाला

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचनमात्र असतो. आज पाळी नाही आणि झोपही नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या ओट्याखाली सध्या चौदा डबे पडलेत. त्यातला एकही आमचा नाही.

बायकोला फेब्रुवारीत रक्ताचा कॅन्सर निघाला. परळला उपचार चालू आहेत, आम्ही राहतो काळाचौकीला चाळीत. केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा घरात माणसं नकोत असं डॉक्टरांनी सांगितलंय. मग लोक डब्याची पिशवी दाराला अडकवतात, एकदा कडी वाजवतात आणि जातात. मी दार उघडेपर्यंत जिन्यावर चपलांचा आवाज तेवढा उरलेला. जिथे कडी वाजवायची पद्धतच नाही, सरळ आत येऊन 'काय केलंय आज?' विचारायचं, त्या चाळीत हे चाललंय.

डबा कुणाचा ते घातलेल्या नावावरून कळतं. 'वि. ग. क., १९८४' म्हणजे तळमजल्यावरचे काका, त्यांच्या लग्नातला. एका डब्यावर मात्र नावच नाही. दर गुरुवारी त्यातून वालाचं बिरडं येतं.

आईने शिकवलेलं, शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, काही नसलं तर साखर घालायची. पण इतकं खाल्ल्यावर चमचाभर साखर घेऊन कुणाच्या दारात जाऊ? स्वतः काही करून घालावं तर मला येतो तो चहा आणि मॅगी. म्हणून डबे साठले. शिवाय मी आहेराची असते तशी एक वहीही केलीय. '१२ मार्च, समोरच्या वहिनी, भाकरी आणि चवळी.' 'सुपरवायझर, ५,००० रुपये.' लग्नातला आहेर निदान पुढच्या लग्नात फिटतो. हा कधी फेडायचा? वही उघडली की छातीत दडपतं.

एक नोंद तर लिहिलीच नाही. मे महिन्यात हिच्या प्लेटलेट्स ९ हजारांवर आल्या, दीड लाखाच्या वर असायला हव्यात तिथे. रात्री गणपती मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला. सकाळी सातला रक्तपेढीत हजर कोण, तर दोन वर्षांपूर्वी डीजेवरून ज्याच्या नावाने मी पोलिसांना फोन केला होता तो पोरगा. दीड तास खुर्चीत बसला. रक्त नळीतून मशीनमध्ये जातं, तिथे प्लेटलेट्स वेगळ्या होतात आणि बाकीचं परत अंगात येतं. पिशवीत जमतं ते ताकाच्या निवळीसारखं, पिवळट. मधेच त्याच्या ओठांना मुंग्या आल्या, सिस्टरने कॅल्शियमची गोळी चघळायला दिली. मी नुसतं 'थँक्यू' म्हटलं, तेही धड फुटेना. तो म्हणाला, "काका, काकूंना बरं वाटू दे, मग करा की परत फोन."

सोमवारी रात्री चालत सिद्धिविनायकाला जायचा नेम होता, बावीस वर्षांचा. आता पाय निघत नाही. ही म्हणते, ही माणसं देवानेच धाडली. मग आजार कुणी धाडला, हे ओठांवर येतं आणि मी गिळतो. परळच्या फूटपाथवर लांबून आलेली पेशंटची माणसं झोपलेली दिसतात. 'त्यांच्याकडे बघा, तुम्हाला निदान घर तरी जवळ आहे,' असं सांगणारेही भेटले. दुसऱ्याचं मोठं दुःख बघून आपल्याला बरं वाटून घ्यायचं, ते मला जमत नाही.

अशातून गेलेलं कुणी असेल तर सांगा, तुम्ही लोकांचे आभार कसे मानलेत? आणि देवाचं काय केलंत?

---

हसतमुख

वाचून डोळे पाणावले. सकारात्मक राहा, सगळं चांगलंच होणार!

---

दादर_पश्चिम

हसतमुख, राग मानू नका, पण ज्याच्या घरात केमो चालू आहे त्याला हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकावं लागतं. लिफ्टवाले, काळाचौकीतच माझं ऑफिस आहे. शनिवारी वाणसामान आणून दाराला अडकवीन. वहीत लिहायचं नाही, ही अट.

---

बुधवारची_बाई

भाऊ, आधी डब्यांचं बोलू. मी देणाऱ्यांतली आहे. एकदा माझे तीन डबे असेच एका घरी अडकले. दोन महिने मला वाटत होतं, त्या माउलीला माझ्या हातची चव पटली नाही! शिवाय मुलाला शाळेत पोळी-भाजी प्लॅस्टिकच्या डब्यात द्यावी लागली ते वेगळंच. तुम्ही लाजताय आणि तिकडे चौदा घरांत डबे कमी पडताहेत. साखर घाला आणि देऊन या. वही माळ्यावर टाका.

आता देवाचं. माझे मिस्टर तीन वर्षं डायलिसिसवर होते. घरच्या देवांवर मी इतकी चिडले होते की दिवा लावायचं बंद केलं. शेजारची ख्रिश्चन मैत्रीण बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जायची, एकदा मला ओढून घेऊन गेली. त्या गर्दीत हिंदू, मुसलमान सगळे. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं विकायला. मला त्यांची प्रार्थना एक अक्षर येत नव्हती. ती माझा हात धरून उभी, म्हणून मी उभी. तिच्या तळहाताला घाम यायचा, तेवढंच काय ते लक्षात आहे. मिस्टर गेले. बुधवार सुटला नाही, आणि पुढे कधीतरी घरचा दिवाही लागायला लागला, कधी ते सांगता येणार नाही.

तुमचा पाय निघत नसेल तर नका जाऊ. गणपती कुठे जात नाही.

---

रक्तपेढीत_नोकरी

थोडं कामाचं सांगतो. मंडळाच्या सगळ्या पोरांना एकदम बोलावू नका. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, त्याही मशीनवर सतत हलवत ठेवाव्या लागतात, साठा करून चालत नाही. दाता ४८ तासांनी पुन्हा देऊ शकतो, पण आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा, त्याहून जास्त नाही. रक्तगटानुसार यादी करा आणि पाळ्या लावा. तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेला दाता चालत नाही, हे आधीच विचारा, नाहीतर माणूस कामावर खाडा करून येतो आणि तसाच परत जातो.

आणि तुम्ही झोपत नाही आहात. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, रात्रीही चालू असतो. मराठीत बोलतात. आजाऱ्याच्या माणसानेही करावा.

---

लिफ्टवाला

सगळ्यांना एकत्रच लिहितो.

रविवारी साखर घालून तेरा डबे वाटले. प्रत्येक दारात काहीतरी बोलायचं ठरवून गेलो होतो. समोरच्या वहिनींनी डबा घेतला, झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "मिळालं बाई एकदाचं! दुसऱ्याच डब्याचं झाकण दाबून दाबून बसवत होते." ठरवलेलं राहूनच गेलं. काका तर डब्यावरचं १९८४ दाखवत अर्धा तास लग्नाची हकिगत सांगत बसले. ते गेले चार महिने मला चुकवत होते, काय बोलावं सुचत नव्हतं म्हणून. हे मला माहीतच नव्हतं.

वही माळ्यावर टाकली नाही. पण नवी नोंद केलेली नाही.

बिननावाचा डबा उरला. तो साखर घालून आमच्याच दाराला अडकवून ठेवला. संध्याकाळी बघतो तर नाही. गुरुवारी कडी वाजली, बिरडं घेऊन परत आला. या वेळी मी धावत जिन्यापर्यंत गेलो, तरी कुणी दिसलं नाही. ही आतून म्हणाली, "बघितलंस?" मी म्हटलं, "कोकम जरा जास्त पडलंय."

१४४१६ ला फोन केला नाही अजून, नंबर लिहून ठेवलाय. दादर_पश्चिम, सामान पोचलं, तूरडाळ कुठून आणलीत ते सांगा. रक्तपेढीत_नोकरी, यादीत अकरा पोरं झालीत, पण तिघांना आपला रक्तगटच माहीत नाही. त्यांचं कसं करू? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का?