दहाच्या टोळीतून चार नावं मागितली आहेत. द्यावीत का?

उरणचा मुकादम

नमस्कार. सोमवारपर्यंत मला उत्तर द्यायचंय, म्हणून इथे विचारतोय.

उरणला एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेर कंटेनर उघडून माल खाली करायच्या गोदामात, माझी दहा जणांची टोळी आहे. जहाजावरून उतरलेले डबे, म्हणजे कंटेनर, न्हावा शेवा बंदरातून ट्रेलरवर आमच्याकडे येतात, कस्टमचं झालं की आम्ही सील तोडून माल खाली करतो. सतरा वर्षं हेच काम, त्यातली आठ मुकादम म्हणून. आम्ही कंपनीचे नाही, ठेकेदाराचे. ठेकेदार तीनदा बदलला, टोळी तीच राहिली.

गेल्या महिन्यात शेडमध्ये लांबणारा पट्टा आला. कन्व्हेयरच आहे, पण एकातून एक भाग सरकत चाळीस फुटी डब्याच्या पार आतल्या टोकापर्यंत जातो. बाहेरच्या टोकाला गोणी थेट पॅलेटवर. परवा मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, "मुकादम, आता चार माणसं पुरतात. चार नावं लिहून द्या. बाकीच्यांचं महिनाअखेरीस बघू."

माझा यंत्रावर राग नाही, हे आधी सांगतो. ज्याने मे महिन्यात डबा खाली केलाय तो यंत्र नको म्हणणार नाही. डब्याचं उजवं दार आधी उघडतं, कारण ते डाव्यावर बसलेलं असतं. आम्ही आडवा दोर बांधतो, दांडा फिरवतो आणि बाजूला सरतो. समुद्रात थप्पी कललेली असली तर दारासोबत माल अंगावर येतो. माझ्या टोळीतल्या एकाच्या पायाचा अंगठा असाच गेला. दार उघडल्यावर थांबायचं असतं. धुरी दिलेला माल असला आणि लसणासारखा, सडक्या मासळीसारखा वास आला तर आत पाऊल टाकायचं नाही, तो फॉस्फिन, धुरीचा विषारी वायू. पण किती थांबायचं ते बाहेर किती ट्रेलर उभे आहेत त्यावर ठरतं.

आणि आत म्हणजे उन्हात तापलेली पत्र्याची पेटी. वरचा थर काढताना मान छताला लागली तर भाजते. पंचवीस किलोची गोणी, एका डब्यात हजाराच्या आसपास. सोड्याचा माल असला की पूड घामावर बसते आणि काखेतली, मानेवरची कातडी सोलून निघते. मुलगी लहान होती तेव्हा मी घरी गेल्यावर आंघोळ होईपर्यंत तिला उचलायचो नाही.

आता पट्ट्याचं ऐका. आधी चौघं आत थप्पी मोडायचे, सहा जण पाठीवरून बाहेर न्यायचे, आणि थोड्या वेळाने आतले बाहेर, बाहेरचे आत. गोणी टाकून रिकाम्या हाताने परत येताना पंधरा-वीस पावलं मोकळी मिळायची. तेवढ्यात वारा लागायचा, पाण्याचा घोट व्हायचा, कुणी तंबाखू मळायचा. पट्ट्याने नेमकी ती चाल काढून घेतली. डब्याचं आतलं टोक मात्र आमच्याकडेच राहिलं. पट्टा माणसाच्या पायाशी येतो आणि चालूच राहतो, आतले दोघं त्याच्या वेगाने वाकत राहतात. पहिल्या दिवशी मी स्वतः आत उभा राहिलो. चाळीस मिनिटांनी बाटलीचं झाकण फिरवायला गेलो तर बोटं वळेनात.

मग ही चार नावं कुणाची? सगळ्यात मोठे काका ५३ वर्षांचे, उजवा खांदा वर जात नाही. गोणी ओढायचा लोखंडी आकडा धरायला मला त्यांनी शिकवलं. नांदेडकडचे दोघं भाऊ आहेत, त्यांचं सगळं घर त्या पैशावर. एक माझा सख्खा चुलतभाऊ. तरणे चार निवडले तर त्यात तो येतोच, आणि मग गावात मी काय तोंड दाखवू?

आमची भातशेती आणि मिठागर या प्रकल्पांतच गेलं. १९८४ च्या जानेवारीत जासईला गोळीबार झाला तेव्हा वडील दि. बा. पाटलांच्या, जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात होते. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं तेव्हा ते म्हणायचे, जमीन गेली, पण पोरांच्या हाताला काम राहील. ते काम कोणाचं बंद करायचं हे आता मी लिहून द्यायचं.

नावं द्यावीत का? न देता दुसरं काय मागता येतं? ज्यांच्या गोदीत हे आधी होऊन गेलंय त्यांनी सांगा. "दुसरं काहीतरी बघ" हे कृपया सांगू नका, दहाही जण ते रोज बघतायत.

इंदिरा गोदी, निवृत्त

मुकादम, नावं देऊ नका. मी ७४ वर्षांचा आहे, १९७२ साली मुंबईच्या गोदीत डॉक लेबर बोर्डाचा कामगार म्हणून लागलो.

आमच्या आधीच्या पिढीत तोलीवाला सकाळी गेटवर उभा राहून माणसं निवडायचा. ओळखीचा आत, बाकीचे घरी. जो निवडतो त्याच्याच मागे लोक शिव्या देत फिरतात, मालक कुठे दिसतच नाही. ते मोडायला १९४८ चा कायदा आला, बोर्ड आलं. मस्जिद बंदरच्या बाजूने जो रस्ता जातो तो ज्या पी. डिमेलोंच्या नावाचा आहे, त्यांनी या गोदीत युनियन बांधली. बोर्डात नाव लागलं की काम पाळीने मिळायचं. आज तुमची टोळी, उद्या दुसरी. जहाज नसेल तर हजर राहिल्याचे पैसे मिळायचे. काम सोपं नव्हतं. हॅचमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटात उतरून गोणीला आकडा मारून स्लिंगमध्ये, दोराच्या झोळीत भरायची, वर विंच, खाली आपण. दोर तुटलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. पण कोण जाणार आणि कोण राहणार हे कुणा एका मुकादमाला लिहावं लागलं नाही.

पुढे डबे आले. ज्या जहाजाला आठ-दहा दिवस लागायचे ते रात्रीत रिकामं होऊ लागलं, धंदा खाडीपलीकडे तुमच्याकडे गेला. १९९४ मध्ये बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, २००३ मध्ये मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोदी तर भर टाकून बुजवल्या. मी तिथून गेलो की अजून नजर पाणी शोधते.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच की पाळी मागा. पट्टा राहू दे, दहा माणसंही राहू देत. वीस मिनिटं दोघं आत, मग दुसरे दोघं. बाकीचे पॅलेट लावतील, दार सांभाळतील. "माणसं जास्त आहेत" असं ते म्हणतील. तुम्ही "आत उभं राहायची वेळ जास्त आहे" असं म्हणा. तुमची न वळणारी बोटं हाच पुरावा आहे, ते त्यांना सांगा.

वरून खाली बघणारा

मी यार्डात आरटीजीवर, म्हणजे डब्यांची थप्पी लावणाऱ्या टायरवरच्या क्रेनवर आहे, अकरा वर्षं. पायाखालच्या काचेतून वाकून खाली बघत बारा-बारा तास डबे लावतो. मानेचे दोन मणके झिजलेत.

गोदीवाल्या काकांचं बरोबर आहे, पण पुढचंही बघून ठेवा. गेटवर आधी चेकर उभा असायचा, डब्यावरची चार अक्षरं आणि सात आकडे लिहून घ्यायचा. आता कॅमेरा वाचतो. केरळात विझिंजम बंदरात, जे २ मे २०२५ ला देशाला अर्पण झालं, यार्डातल्या क्रेनमध्ये माणूस बसतच नाही. खोलीत पडद्यासमोर बसून क्रेन चालवतात, त्यात तिथल्या मच्छीमार वस्त्यांतल्या मुलीही आहेत. मला ते बघून मनापासून बरं वाटलं, त्यांची मान वाचेल. पण त्या खोलीत खुर्च्या किती, हा प्रश्न राहतोच.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १ ऑक्टोबर २०२४ पासून गोदी कामगारांनी तीन दिवस काम बंद ठेवलं. सहा वर्षांत ६२ टक्के पगारवाढ कबूल झाली, तरी करारातल्या यंत्रांच्या कलमावर ते जानेवारीपर्यंत अडून राहिले. ते कायम आहेत, युनियनमध्ये आहेत, म्हणून त्यांना कलमाबद्दल बोलता आलं. तुमची टोळी ठेकेदाराच्या वहीत आहे. आधी ती वही तपासा.

आणि फोर्कलिफ्ट शिकायला पाठवतो म्हणाले तर नाही म्हणू नका, फक्त प्रमाणपत्र माणसाच्या नावावर आणि माणसाच्या हातात हवं. आमच्याकडे दोघांची ऑफिसातच राहिली, काम सुटल्यावर मिळाली नाहीत.

वाराईची पावती

मी माथाडीच्या कामात कारकुनी केली आहे, थोडक्यात लिहितो.

कपात करायची तर त्याचा क्रम कायद्यात आहे: शेवटी आलेला आधी जातो, आणि वेगळं करायचं तर कारण नोंदवावं लागतं. वर्ष भरलेल्या माणसाला महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. मॅनेजर तुमच्याकडून नावं का मागतोय हे लक्षात आलं का? तुम्ही लिहून दिलं की "टोळीनेच ठरवलं" असं म्हणायला कागद होतो. तोंडी मागितलंय ना? त्यांच्याकडूनच लेखी मागा.

दुसरं, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून झालेला १९६९ चा माथाडी कायदा फक्त किराणा बाजारापुरता नाही, गोदी आणि रेल्वे यार्डातली हमालीही त्याच्या यादीत आहे. रायगडच्या माथाडी मंडळात जाऊन विचारा, तुमची आस्थापना नोंदलेली आहे का. दहाही जणांनी जा, एकट्याने नको.

उरणचा मुकादम

सगळ्यांचे आभार. गोदीवाले काका, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण सकाळी काय करायचं ते कळलं.

सोमवारी कागद दिला. दहाही नावं लिहिली, प्रत्येकाच्या पुढे कामाला लागल्याची तारीख. खाली लिहिलं की कमी करायची असतील तर कंपनीने आणि ठेकेदाराने लेखी कळवावं. मॅनेजरने वाचला, खणात ठेवला, "वर विचारतो" म्हणाला. तो माणूस वाईट नाही, त्याच्यावरही कुणीतरी आहे.

मंगळवारपासून आम्ही न विचारता पाळी लावली. एकाच्या मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर. गजर झाला की आतले दोघं बाहेर, पुढचे आत. पट्टा एकदाही बंद पडला नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन डबे झाले, चौघांवर चालवला त्या दिवशीही तीनच झाले होते. मी ते शेडच्या वहीत लिहून ठेवलंय. मोठ्या काकांना आम्ही आत पाठवत नाही, ते दाराशी उभे राहून दोर सांभाळतात. पण महिनाअखेर अजून आठ दिवसांवर आहे.

गुरुवारी मंडळात जायचं ठरलंय, नांदेडचे भाऊही सुट्टी टाकून येतायत. अडचण अशी की आमच्यातल्या तिघांकडे जुन्या ठेकेदारांचा काहीच कागद नाही. काय घेऊन जाऊ?

वाराईची पावती

मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडा, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच असेल तर प्रत्येक ठेकेदाराची तारीख त्यात दिसते. तो नंबर २०१४ पासूनचा, त्याआधीसाठी जुन्या स्लिपा शोधा. तेही नसेल तर गेटपास, सेफ्टी ट्रेनिंगचं कार्ड, अंगठा गेला तेव्हाचा दवाखान्याचा कागद, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद. जुना गेटपास फाटका असला तरी फेकू नका, त्यावर तारीख आणि शिक्का असतो. आणि शेडची ती वही, डब्यांचा हिशोब लिहिलेली. तिची झेरॉक्स आजच काढा.